पाठीमागून उजेड की समोरून

माळ्यावरचं खोकं खाली काढलं आणि त्यात निन्टेंडोचा हातात धरून व्हिडिओ गेम खेळायचा जुना कन्सोल, गेम बॉय अ‍ॅडव्हान्स सापडला. जांभळा, पहिलावाला, पाठीवर कुठल्यातरी स्टिकरचा चिकटा अजून तसाच. दोन नवे सेल घातले, बटण सरकवलं, बारका हिरवा दिवा लागला आणि स्क्रीनवर काहीच नाही, काळंभोर. म्हटलं गेला, वीस वर्षं पडून आहे, स्क्रीन उडाली असणार. वाईट वाटलं, पण रडावं इतकंही नाही. तेवढ्यात मुलगी म्हणाली, "बाबा, आवाज येतोय की."

तिने तो माझ्या हातातून घेतला, खिडकीकडे जाऊन जरा तिरका धरला, आणि म्हणाली, "हे बघ, चालू आहे. तुला दिसत नाहीये फक्त."

तुला दिसत नाहीये फक्त. पुढचे तीन महिने हे वाक्य माझ्या डोक्यात भुंग्यासारखं फिरत होतं. कारण चाळिशी (वय आणि चष्मा दोन्ही, आपल्या भाषेने काय शब्द करून ठेवलाय) नुकतीच लागली होती, आणि मला खरंच आठवेना की शाळा-कॉलेजच्या वयात आपण याच स्क्रीनवर तासन् तास कसे काय खेळायचो. तेव्हा ती चांगली होती का? की डोळे चांगले होते?

तर हा लेख त्या तीन महिन्यांबद्दल आहे. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं कुठलं मॉडेल घ्यावं या एका प्रश्नावर मी जेवढा विचार केला तेवढा कॉलेजची शाखा निवडताना केला नव्हता.

आधी त्या अंधाराचं. मूळ गेम बॉय अ‍ॅडव्हान्स, मॉडेल नंबर एजीबी-००१, जपानमध्ये मार्च २००१ मध्ये आला आणि बाकीकडे त्याच जूनमध्ये. आत १६.७८ मेगाहर्ट्झचा एआरएम प्रोसेसर, ३२,७६८ रंग, २४० बाय १६० पिक्सेलची २.९ इंची स्क्रीन. आणि त्या स्क्रीनला स्वतःचा उजेडच नाही. बाहेरचा प्रकाश आत जातो, मागच्या आरशासारख्या थरावर आपटतो आणि परत बाहेर येतो, त्यातून चित्र दिसतं. म्हणजे चित्र पाहायला प्रकाश आपण आणायचा. दिवा खोलीच्या मधोमध असेल तर तुमचं स्वतःचं डोकं आड येणार, दिवा मागे असेल तर स्क्रीनवर दिवाच दिसणार, त्यामुळे प्रत्येकाची एक ठरलेली वाकडी बैठक असायची. माझी पलंगाच्या कडेला होती, मान डावीकडे, टेबललॅम्प उजव्या कानाजवळ.

उजेड का नव्हता तर सेल. दोन साध्या डबल ए सेलवर हा पंधरा तासांच्या आसपास चालायचा. उजेडवाली स्क्रीन दिली तर काय होतं ते सेगा या निन्टेंडोच्या स्पर्धक कंपनीच्या गेम गिअरने नव्वदीतच दाखवलं होतं, सहा सेल आणि तीन ते पाच तासांत खेळ खल्लास. म्हणजे हिशोब चुकीचा नव्हता. पण हिशोब बरोबर असला म्हणून दिसायला लागतं असं नाही ना.

मग मी शोधायला बसलो, आणि तिथे घोडं अडलं, कारण गेम बॉय अ‍ॅडव्हान्स ही एक वस्तू नाहीच, ते आख्खं खटलं आहे. मूळ अ‍ॅडव्हान्स, मग २००३ चा मिटणारा एसपी, त्यात परत दोन प्रकार, समोरून उजेडवाला आणि पाठीमागून उजेडवाला, मग २००५ चा इवलासा मायक्रो, मग अ‍ॅडव्हान्सची कार्ट्रिज (म्हणजे गेमची डबी) खाणारे निन्टेंडोचेच पुढचे कन्सोल डीएस आणि डीएस लाइट, शिवाय गेमक्यूब या टीव्हीच्या कन्सोलखाली बसवून टीव्हीवर खेळायचा गेम बॉय प्लेअर, आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे जुन्या बॉडीत नवीन स्क्रीन टाकून घेतलेले. या घराण्याचे ८ कोटी १५ लाख नग विकले गेले, त्यातले ४ कोटी ३५ लाखांवर एकटे एसपी. सगळे तेच गेम चालवतात. सगळ्यांत गेमचं चित्र तेच २४० बाय १६० पिक्सेलचं. आणि तरी प्रत्येकावर तोच गेम वेगळा दिसतो, हे मला माहीतच नव्हतं.

म्हणजे काय ते सांगतो. सर्कल ऑफ द मून नावाचा कॅसलव्हेनिया मालिकेतला गेम अ‍ॅडव्हान्सच्या बरोबरच २००१ मध्ये आला. किल्ला, तळघरं, वटवाघळं, सगळं गडद निळं-तपकिरी. बनवणाऱ्यांना तो छानच दिसला असणार, पण खेळणाऱ्यांच्या हातातल्या उजेड नसलेल्या स्क्रीनवर अंगावर येणारा सांगाडा मेल्यावरच कळायचा, म्हणजे आपण मेल्यावर. मी तो गेम अर्धा सोडला होता आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की मला जमला नाही. पुढच्या वर्षी आलेल्या हार्मनी ऑफ डिसोनन्समध्ये मग त्यांनी उलटं टोक गाठलं, भिंती हिरव्या-गुलाबी भडक, आणि नायकाभोवती निळी कड जेणेकरून तो कुठे आहे ते तरी कळावं. अंधाऱ्या स्क्रीनवर तो नीट दिसायचा.

आता हेच दोन गेम पाठीमागून उजेड असलेल्या स्क्रीनवर लावा. पहिला एकदम देखणा होतो, ज्या भिंती कधी दिसल्याच नव्हत्या त्यांच्यावरचं नक्षीकाम दिसायला लागतं. आणि दुसरा लग्नाच्या मांडवासारखा दिसतो. निळी कडवाला तो बिचारा नायक रोषणाईत हरवलेल्या नवरदेवासारखा.

म्हणजे "सगळ्यात चांगली स्क्रीन कुठली" हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या गेमसाठी, कुठल्या वर्षीच्या, हे विचारायला पाहिजे. अ‍ॅडव्हान्सच्या पहिल्या दोन वर्षांतल्या बऱ्याच गेम्सचे रंग मुद्दाम जास्त उजळ केलेले आहेत, कारण स्क्रीन ते खाणार हे त्यांना माहीत होतं. स्वयंपाकी मीठ जास्त टाकतो कारण खाणाऱ्याला सर्दी आहे, असलं काहीतरी. आणि आता सर्दी गेली तर आपण म्हणतो खारट आहे.

यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे इम्युलेटरमध्ये (जुने गेम कॉम्प्युटरवर किंवा फोनवर चालवणारं सॉफ्टवेअर) रंग फिके करणारा फिल्टर असतो. जुन्या स्क्रीनसारखं दिसावं म्हणून. लोक आयुष्यात घेतली नसेल एवढी झकपक स्क्रीन घेतात आणि वर तो फिल्टर लावून तिला मळकी करतात. मी हसलो, आणि मग मीही लावून पाहिला, आणि च्यायला खरंच बरं दिसतं.

बरं, एसपी. हा पुस्तकासारखा मिटतो, त्यामुळे स्क्रीनवर चरे पडत नाहीत, आत चार्ज होणारी बॅटरी आहे, आणि मुख्य म्हणजे उजेड आहे. २००३ च्या एसपीचा नंबर एजीएस-००१. याचा उजेड समोरून, म्हणजे स्क्रीनच्या कडेला बारके दिवे आणि त्यांचा प्रकाश वरच्या पारदर्शक थरातून स्क्रीनवर पसरवलेला. दिसतं, अगदी अंधारातही दिसतं, पण सगळ्यावर एक धुरकट पडदा असल्यासारखं, काळं काळं नसतं तर राखाडी असतं. त्यानंतर २००५ मध्ये एजीएस-१०१ आला, बाहेरून तोच, पण उजेड पाठीमागून, फोनला असतो तसा. हा जपानमध्ये आलाच नाही. सगळे १०१ च्या मागे असतात. ज्याला विचारा तो म्हणतो १०१ घे, ००१ च्या वाटेला जाऊ नको, जणू शेवटचा आकडा म्हणजे पत्रिकेतला मंगळ.

मीही १०१ च घेतला. म्हणजे असं मला वाटलं. विकणाऱ्याने पाठीमागच्या लेबलचा फोटो टाकला होता, त्यावर स्पष्ट एजीएस-१०१. पार्सल आलं, उघडलं, लेबल बरोबर, बॉडी चकाचक, जरा जास्तच चकाचक. चालू केला. काळं राखाडी. स्क्रीनच्या खालचं उजेडाचं बटण दाबलं तर उजेड बंद झाला. आणि तिथेच कळलं, कारण १०१ मध्ये त्या बटणाने उजेड फक्त कमी-जास्त होतो, बंद होतच नाही. बंद झाला म्हणजे ००१. नवीन बॉडी, नवीन लेबल, आत जुनाच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला लेबलावर जे आहे तेच पाठवलंय, आणि तसं पाहिलं तर खोटं नव्हतं ते. मी भांडलो नाही. एक तर फोटोत बटण दाबून दाखव असं मी विचारायला हवं होतं, आणि दुसरं म्हणजे खरं सांगायचं तर मला त्याचा मिटल्यावरचा टक् आवाज फार आवडला होता.

(ज्यांना घ्यायचाय त्यांच्यासाठी, लेबलावर जाऊ नका. चालू स्क्रीनचा व्हिडिओ मागा, त्यात ते बटण दाबायला सांगा. बंद झालं तर ००१, नुसतं मंद झालं तर १०१. एवढंच.)

घरात मात्र माझी चेष्टा सुरू झाली. बायकोने विचारलं, "आला का तुझा तो शंभर नंबरी?" मी म्हटलं, "एकशे एक." ती म्हणाली, "तेच ते. मग तोंड का असं?"

म्हणून मी परत शोधायला लागलो. आता हा रोग झाला होता. रात्री झोपताना मायक्रो बघायचो. मायक्रोबद्दल काय सांगू, ती वस्तू नाही, तो दागिना आहे. ८० ग्रॅम वजन, शर्टच्या खिशात विसरून जाल इतकी लहान, धातूची बॉडी, समोरची पट्टी बदलता येते, बटणं टिचकी मारल्यासारखी वाजतात, उजेडाच्या पाच पायऱ्या, आणि एसपीत काढून टाकलेलं हेडफोनचं भोक यात परत आलेलं. कारण हो, एसपीला हेडफोनचं भोक नाही. चार्जिंगच्याच भोकात एक वेगळा अ‍ॅडॅप्टर लावायचा, म्हणजे साध्या अ‍ॅडॅप्टरने एकतर चार्ज करा नाहीतर कानाला लावा. आजकाल फोनवाले हेच करतात म्हणून आपण ओरडतो, पण हे २००३ सालचं आहे.

मायक्रो फारसा चाललाच नाही, २४ लाखांच्या आसपास विकला गेला, तोवर डीएस येऊन बसला होता. आणि त्यात जुन्या गेम बॉय आणि गेम बॉय कलरची कार्ट्रिज चालत नाहीत. ते एकवेळ चाललं असतं. एका मित्राकडे मायक्रो होता, त्याने दोन दिवस दिला. आणि मी चष्मा लावला, चष्मा काढला, हात लांब केला, जवळ आणला. दोन इंची स्क्रीन. त्याच २४० बाय १६० पिक्सेल दोन इंचात. चित्र इतकं सुरेख की डोळ्यात पाणी यावं, आणि अक्षरं वाचायला मुलीला हाक मारावी लागत होती. तिने दोन संवाद वाचून दाखवले आणि तिसऱ्याला म्हणाली, "बाबा, हा माणूस फार बोलतो, मी जाऊ?" वीस वर्षांचा असतो तर मायक्रोच. दुसऱ्या दिवशी परत करून आलो आणि येताना उगाच जास्त चालत आलो.

आणि मग जाणवलं की मी कन्सोलच्या मॉडेलांचा तक्ता बनवत होतो (बनवला होता, खरंच, नऊ रकाने) पण त्यात माझा रकाना नव्हता. मूळ अ‍ॅडव्हान्स हाताला सगळ्यात चांगला, आडवा, पंजाला भरून येतो, अंगठे मोकळे. पण डोळ्यांना दिसत नाही. एसपी दिसतो पण चौकोनी डबी, अर्ध्या तासात करंगळीला मुंग्या. मायक्रो कानाला आणि मनाला, बाकी कशालाच नाही. अवयव वाटून घेतल्यासारखं. तीच मॉडेलं तेव्हाही होती, फरक फक्त धरणाऱ्यात झालाय, आणि त्याला लेबल बदलूनही उपयोग नाही.

शहाणी माणसं डीएस लाइट घ्या म्हणतात. स्क्रीन उजळ, मिटतो, हेडफोन लागतो, भरपूर मिळतो. फक्त अ‍ॅडव्हान्सचा गेम त्यात काळ्या चौकटीच्या आत दिसतो कारण डीएसची स्क्रीन २५६ बाय १९२ आहे, आणि दोघांनी वायर जोडून खेळायची सोय नाही. खरंच सगळ्यात व्यवहारी उत्तर आहे ते. पण स्थळ कितीही चांगलं असलं तरी मन बसायला लागतं, ते नाही बसलं, कारण विचारू नका.

दुसरा रस्ता म्हणजे त्या जांभळ्यालाच नवी आयपीएस स्क्रीन (आजकालच्या फोनांत असते तशी, पाठीमागून उजेडवाली) बसवणं. याचा मी फार विचार केला. हात तोच, उजेड नवा, दोन्हीचा मेळ. ७२० बाय ४८० ची स्क्रीन मिळते, म्हणजे बरोब्बर तिप्पट, प्रत्येक जुन्या पिक्सेलला नवे नऊ, कुठे ओढाताण नाही. हे गणित मला इतकं आवडलं की मी जवळजवळ घेतलीच होती. मग कळलं की अ‍ॅडव्हान्सच्या बोर्डांमध्येही दोन जाती, स्क्रीनची पट्टी कुणाला ४० पिनची तर कुणाला ३२ ची, म्हणजे उघडून आधी ते बघा. मग कळलं की काही बॉडींमध्ये आतलं प्लास्टिक कापावं लागतं. आणि मग हेही कळलं की जुन्या गेम बॉयच्या काही गेम्समध्ये अर्धपारदर्शक सावली दाखवायला ती एका फ्रेमला दाखवतात, पुढच्या फ्रेमला गायब करतात. जुनी स्क्रीन इतकी सुस्त की दोन्ही एकमेकांत मिसळून खरीच फिकट सावली दिसायची. नव्या चपळ स्क्रीनवर तीच सावली फडफडते. म्हणजे स्क्रीनचा आळस हासुद्धा त्या चित्रातला एक रंग होता.

स्क्रू काढायचा ड्रायव्हर आणून ठेवला होता, तीन पाकळ्यांचा लागतो, साधा चालत नाही. त्या जांभळ्याच्या पाठीवरचा स्टिकरचा चिकटा बघितला आणि ड्रायव्हर परत ठेवून दिला. भावनाप्रधान मूर्खपणा म्हणा. मुलगी म्हणालीच, "पण तुला दिसत नाही ना त्यात!" तिचं बरोबर आहे.

तर मग ००१. फसवून आलेला, सगळे नाक मुरडतात तो. मी तो परत विकायला काढणार होतो, आणि त्याआधी म्हटलं एकदा बोकटाय लावून बघू.

बोकटाय हा २००३ चा गेम, नावाजलेला जपानी गेमकार हिदेओ कोजिमा निर्माता. व्हॅम्पायर मारायचे, सूर्याच्या उजेडावर चालणाऱ्या बंदुकीने. आणि तो सूर्य खरा. कार्ट्रिजमध्येच सूर्यप्रकाश ओळखणारा सेन्सर आहे, खोलीतल्या बल्बला तो भीक घालत नाही, बाहेर जाऊन बसायचं तेव्हा बंदूक भरते. याचेच पुढचे भाग सोडले तर असा गेम आजतागायत कोणी परत धाडसाने केलेला मला माहीत नाही, आणि पोरांना उन्हात पाठवणारा व्हिडिओ गेम म्हणजे आईबापांनी पुतळा उभारायला हवा.

आता गंमत बघा. हा गेम १०१ वर खेळायचा म्हटलं तर उन्हात जावं लागणार, आणि पाठीमागून उजेडवाली स्क्रीन उन्हात फोनसारखीच फिकी पडते. मायक्रोचं तेच. डीएस लाइटचं तेच. सगळ्यात भारी स्क्रीन, आणि नेमक्या या गेमला ती निरुपयोगी, कारण सूर्याशी स्पर्धा कोण करणार. जांभळा मूळ अ‍ॅडव्हान्स उन्हात झकास दिसतो, पण व्हॅम्पायर मारता मारता संध्याकाळ झाली की गेला अंधारात. ००१ चं ते बटण, ज्याने मला फसवल्याचं कळलं होतं तेच, ते दाबलं की उजेड बंद, आणि ऊन थेट स्क्रीनवर पडतं, आतल्या आरशावर आपटून परत येतं, आणि तो धुरकट पडदा बराच निघून जातो. रंग उठतात. काळंही बऱ्यापैकी काळं. मी गॅलरीत बसून नुसता मेन्यू बघत होतो पाच मिनिटं. या आख्ख्या खटल्यात उजेड लावताही येतो आणि खेळता खेळता बटणाने मालवताही येतो असा मला सापडलेला हा एकच, आणि कोणी त्याची बाजू घेत नाही, सगळ्यांनी त्याला रात्री अंथरुणात बघितलाय.

दोष आहेतच. रात्री तो राखाडीच. करंगळीला मुंग्या येतातच. हेडफोनचा अ‍ॅडॅप्टर मी अजून घेतलेला नाही. आणि कर्बी नावाच्या गोल गुलाबी नायकाचा तो हातातलं यंत्र तिरकं करून खेळायचा गेम बॉय कलरवरचा गेम एसपीवर लावला तर सगळं उलटं चालतं, कारण एसपीत कार्ट्रिज खालच्या बाजूने उलटं जातं आणि आतल्या सेन्सरला वाटतं जगच उलटं झालंय. तो मी हट्टाने एसपीवरच खेळतो, डावीकडे जायला उजवीकडे कलतो, तोंडाने शिव्या देतो. मुलीला ते बघायला मूळ गेमपेक्षा जास्त आवडतं.

सर्कल ऑफ द मून यावेळी पूर्ण केला, बाय द वे. दुपारच्या उन्हात, उजेड बंद करून. सांगाडे दिसत होते. ज्या खोलीत मी तेव्हा अडकलो होतो तिथे भिंतीला एक वाट होती, एवढी मोठी.

आता परवाचीच गोष्ट. बोकटाय चालू, गॅलरीत ऊन सरकत चाललेलं, त्याच्या मागे मी खुर्ची तीनदा सरकवली, चौथ्यांदा उठलो तर मुलगी दारात उभी. म्हणाली, "आता खाली जा ना सरळ, अंगणात अजून आहे." गेलो. चष्मा वर विसरलो होतो, पण बंदूक पूर्ण भरली तेवढं दिसलं.